बिनवायरचा रविवार

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्या हातून खराब माल आजवर बाहेर गेलेला नाही! पंख्यांच्या कारखान्यात मी तपासनीस होतो. पंखा छताचा असो की टेबलावरचा, मी पास केल्याशिवाय तो खोक्यात जायचा नाही. माझी पद्धत साधी होती. दोन नग एकदम घ्यायचे, शेजारी शेजारी चालवायचे आणि कान द्यायचा. नग एकटा असला की शहाण्यासारखा वागतो. शेजारी दुसरा आला की त्याची खरखर कळते. माणसांचंही तसंच असतं, पण आज माणसांचा विषय नाही. विषय कीबोर्डचा आहे.

सोफ्यावर बसून गेम खेळायला मांडीवरचा कीबोर्ड घ्यायचा, तर तो वायरचा घ्यावा की बिनवायरचा? असा गंभीर प्रश्न आमच्या घरापुढे उभा राहिला. घरापुढे म्हणजे माझ्यापुढे. घरात आता मी एकटाच असतो.

आधीचा कीबोर्ड बायकोचा. तिला आम्ही सगळे कॅप्टन म्हणायचो, कारण हुकूम सोडण्यात तिचा हात कुणी धरला नसता. मांडीवर उशी, उशीवर फळी, फळीवर कीबोर्ड आणि समोर टीव्हीवर तिचा गेम! त्या गेममध्ये एक गाव आहे. गावात तिचं घर, मागे तळं, पुढे विहीर, आणि वेशीवर बसचा थांबा. शेती करायची, कोंबड्या पाळायच्या, मासे धरायचे. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते. ती तिकडून त्याच गावात यायची. दर रविवारी संध्याकाळी मायलेकी तिथे भेटायच्या. मी स्वयंपाकघरातून विचारायचो, "जेवायचं काय?" कॅप्टन म्हणायची, "मी गावाला गेलेय. तुमचं तुम्ही बघा!"

कीबोर्डची वायर सोफ्यापासून थेट टीव्हीखालच्या कॉम्प्युटरपर्यंत, खोलीच्या मधोमध, घोट्याच्या उंचीवर ताणलेली. जणू माझ्यासाठीच लावलेला सापळा! मी अडखळलो की ती पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "अहो, पाय उचला!" मी म्हणायचो, "बिनवायरचा घे ना." ती म्हणायची, "वायर आहे म्हणून तुम्ही पाय उचलता. नाहीतर घरभर फरपटत फिराल."

कॅप्टन गेल्याला वर्ष झालं. ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आईचं घर ओस पडेल. तुम्ही खेळा." म्हणून मी तिच्या जागेवर बसलो. पडद्यावरची लाल टोपीवाली कॅप्टन माझ्या हातात आली आणि पहिल्याच रविवारी मी तिला विहिरीत पाडलं! पुढच्या रविवारी पुन्हा! मुलीने लिहिलं, "आई एकदाही विहिरीत पडली नव्हती." मी लिहिलं, "तेव्हा ती स्वतः चालत होती."

आम्ही लिहूनच बोलतो. मुलीच्या तिकडच्या खोलीत तिच्याबरोबर एक नर्स राहते. तिला रात्रपाळी असते, त्यामुळे संध्याकाळी ती झोपलेली असते. मुलीचा फोन मुका असतो आणि सगळं बोलणं गेममध्येच. एन्टर दाबला की लिहायची चौकट उघडते. लिहून पुन्हा एन्टर दाबला की तिला दिसतं. माझ्याकडे मात्र झोपलेलं कुणी नसतं, त्यामुळे मी पोटभर ओरडतो. तळ्यात एक म्हातारा मासा आहे. कॅप्टनला तो कधी सापडला नाही, मलाही नाही. तो निसटला की मी अशी बोंब ठोकतो की पडदे हलतात! खरं सांगायचं तर आठवडाभरात माझा आवाज मला तेवढाच ऐकू येतो.

मग एके दिवशी वायर कीबोर्डच्या मुळाशीच तुटली. कारण विचारू नका. मी पाणी प्यायला उठलो होतो.

दुकानात माझ्याबरोबर सेक्रेटरी आले. हे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, माझे भिंतीला भिंत शेजारी. त्यांचा सोफा भिंतीच्या त्या बाजूला, माझा या बाजूला. भिंत पाडली तर आमच्या पाठी एकमेकींना टेकतील! त्यांनी नुकतीच इमारतीची सभा ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली होती, आणि सोफ्यावर रेलून सभा चालवण्याची त्यांना हौस होती.

"वायर म्हणजे जुनाट काम," ते म्हणाले. "काळाबरोबर चाला, तपासनीस!"

"बिनवायरचा मध्येच दम सोडतो म्हणतात. सेल संपला की संपलं."

"आणि वायरचा तुम्हाला पाडतो, त्याचं काय? तुम्ही पडलात की आमच्याकडच्या कपबशा वाजतात!"

मुद्दा बिनतोड होता. मी दुकानदारीणबाईंना म्हटलं, "बिनवायरचे दोन द्या. एक यांना, एक मला. आणि खोकी उघडा, तपासून घेतो."

"काका, एक झाला की दुसरा उघडा," बाई म्हणाल्या. "दोन्हींचे रिसीव्हर सारखेच दिसतात."

रिसीव्हर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये खोचायचा नखाएवढा तुकडा. ज्या कीबोर्डचा रिसीव्हर, तो त्याचंच ऐकतो.

मी हसलो. कसा हसलो म्हणता? डॉक्टरला कुणी सर्दीवर काढा सांगितला की तो हसतो, तसा! "बाई, मी आयुष्यभर हेच केलंय. दोन नग एकदम! त्याशिवाय तुलना कशी होणार?"

दोन्ही कीबोर्ड शेजारी ठेवले. दोन्ही रिसीव्हर दुकानातल्या कॉम्प्युटरला खोचले. कळा दाबल्या, कान दिला. दोन्ही पास! मागच्या बाजूला खडूने खुणा केल्या, एकावर माझी, एकावर सेक्रेटरींची, आणि सगळं ज्याच्या त्याच्या खोक्यात भरलं. सेक्रेटरी म्हणाले, "मानलं तुम्हाला!" मी म्हटलं, "सवय आहे."

रिसीव्हरवर खुणा करायच्या राहिल्या. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

रविवार आला. घरात वायर नाही! खोली कशी मोकळी! मी चहा घेऊन सोफ्याकडे निघालो आणि खोलीच्या मधोमध पाय उचलून नसलेली वायर ओलांडली. मागून दाराशी वर्तमानपत्र मागायला आलेल्या सेक्रेटरीणवहिनी म्हणाल्या, "भावजी, गुडघा दुखतोय का?" मी म्हटलं, "थोडा."

गावात शिरलो. मुलगी गवती हॅट घालून तळ्याकाठी उभी होतीच. तिने लिहिलं, "आलात? आज विहिरीपासून लांब राहा."

मी पुढे जायची कळ, म्हणजे डब्ल्यू, दाबली. कॅप्टन जागेवर. जोरात दाबली. जागेवर! मी सेल बदलायचं ठरवलं. घरात नवे सेल नव्हते, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचे काढून घातले. घड्याळ बंद पडलं. कॅप्टन होती तिथेच.

आणि मी हात वर केलेले असताना ती चालू लागली!

आधी गर्रकन फिरली. मग उडी मारली. मग उलटी चालत कोंबड्यांच्या खुराड्याला धडकली आणि पुन्हा उडी! माझ्या अंगावर काटा आला. मी भूतबित मानत नाही. पण माझ्या हातून खेळ काढून घ्यायची सवय असलेली बाई मी एकच पाहिली आहे. मी हळूच म्हटलं, "अगं, तू आहेस का? मला खेळू दे की!"

तेवढ्यात पडद्यावर कॅप्टनच्या नावाने ओळ उमटली.

"विषय: दर रविवारचा त्रास."

मुलीने लिहिलं, "??"

कॅप्टन पुन्हा नाचली. इकडे दोन गिरक्या, तिकडे तीन उड्या. मग थांबली आणि बोलली, "वर्षभर मी काही बोललो नाही, कारण प्रसंगच तसा होता."

मुलीने लिहिलं, "बाबा? कसला त्रास?"

कॅप्टनने उत्तर द्यायच्या ऐवजी तळ्यात गळ टाकला, एक उडी मारली, गळ ओढला आणि... म्हातारा मासा बाहेर! अख्ख्या गावात तुताऱ्या वाजल्या! वर्षभर मी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, तो मासा कुणीतरी न बघता काढला! पण आनंदाने ओरडायला मला वेळच मिळाला नाही. पुढची ओळ आली.

"पण आता हे बंद व्हायला हवं. माझ्या वयाचा विचार व्हावा."

गवती हॅट कॅप्टनसमोर येऊन उभी राहिली. मग मुलीने लिहिलं, "मला वाटायचं तुम्हाला आवडतं, बाबा. तुम्ही माझ्यासाठी उगाच बसत होतात का? आधी सांगायचं ना."

मी किंचाळलो, "नाही गं! मी काही लिहिलेलं नाही!" माझा आवाज भिंती ओलांडून शेजारी गेला, पण दुसऱ्या शहरात जाण्याइतका मोठा नव्हता. फोन लावला. तिचा फोन मुका. पुन्हा लावला. पुन्हा मुका. आणि पडद्यावर गवती हॅट वेशीकडे निघाली. आमच्या गावातून बाहेर पडायचं तर थांब्यावर उभं राहायचं, बस आली की बसायचं. बस गेली की माणूस गेला.

"ठीक आहे," तिने चालता चालता लिहिलं. "पुढच्या रविवारी नका बसू."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी कीबोर्ड मांडीवर घट्ट धरला. मी एका बोटाने टंकतो, मान खाली घालून, अक्षरं शोधत. शोधली! एकेक कळ अशी हाणली की मांडी दुखायला लागली.

"थांब! जाऊ नकोस! ते सगळं खोटं आहे!" एन्टर.

"बाळा, रविवारची मी आठवडाभर वाट बघतो!" एन्टर.

"तुझ्याशिवाय माझं आहे कोण?" एन्टर!

मान वर केली. पडद्यावर माझं एकही अक्षर नव्हतं.

भिंतीपलीकडून मात्र वहिनींची किंकाळी आली, "अहो! हे काय लिहिलंत? कुणाला बाळा म्हणताय?"

मग सेक्रेटरींचा आवाज, "मी? मी तर... हे कुठून आलं?"

मग काहीतरी आपटलं. मग माझ्या दाराची घंटा वाजू लागली आणि वाजतच राहिली.

दारात सेक्रेटरी. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली अर्धी चड्डी, हातात कीबोर्ड. मागे वहिनी, फोडणीत पडलेल्या मोहरीसारख्या.

"भावजी, तुम्हीच न्याय करा! सभा चालू होती. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला दवाखान्यात जायचंय, मी निघते. आणि यांनी सगळ्या इमारतीसमोर लिहिलं, जाऊ नकोस! बाळा! तुझ्याशिवाय माझं आहे कोण!"

"मी नाही लिहिलं!" सेक्रेटरी रडकुंडीला आले होते. "मी खाली मान घालून नोटीस लिहीत होतो! वर बघतो तर माझी नोटीसच नाही! आधी नुसती डब्ल्यूंची रांग, आणि खाली हे प्रेमपत्र!"

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्या म्हणाल्या, रक्तदाब तपासून घ्या!"

"नोटीस कसली होती?"

सेक्रेटरी एकदम खाली बघू लागले. वहिनी म्हणाल्या, "सांगा ना आता! तुमच्या आरडाओरड्याची, भावजी. तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हणून सभेत ओळीओळीने लिहीत बसले होते."

"ओळीओळीने? प्रत्येक ओळीला एन्टर?"

"मग काय! लिहिलेलं शिस्तीत हवं!" असं म्हणून सेक्रेटरींनी कीबोर्ड हलवला. त्यांचा अंगठा लांबट कळेवर पडला. माझ्या पाठीमागे टीव्हीवर कॅप्टनने उडी मारली.

मी वळून बघितलं. "सेक्रेटरी, परत दाबा."

त्यांनी दाबलं. कॅप्टनने उडी मारली.

मी सोफ्यावरचा माझा कीबोर्ड घेतला आणि एक कळ दाबून धरली. शेजारच्या उघड्या दारातून, त्यांच्या टीव्हीमधून, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांचा आवाज आला, "सेक्रेटरीऽऽ! तुमचा डब्ल्यू पुन्हा सुटलाय!"

आता सगळा घोटाळा उघड झाला. माझा कीबोर्ड त्यांची सभा चालवत होता, त्यांचा कीबोर्ड माझी बायको चालवत होता! त्यांच्या एका ओळीला कॅप्टन नाचायची, एन्टर दाबला की पुढची ओळ बोलायची. माझं नाव असलेल्या ओळी नाचात गेल्या, आणि नको त्या तेवढ्या मुलीला दिसल्या.

"रिसीव्हर बदललेत," मी म्हटलं.

"कुणी बदलले?" वहिनींनी विचारलं.

"दुकानात बदलले असतील."

"दुकानात खोकी कुणी भरली?"

"वहिनी, ही वेळ चौकशीची नाही!" असं म्हणून मी सेक्रेटरींच्या हातातला कीबोर्ड ओढला. ते सोडेनात. सभा अर्धवट होती ना! मी ओढतोय, ते ओढतायत आणि पडद्यावर कॅप्टन झटका आल्यासारखी थरथरतेय. लांब वेशीवर गवती हॅट थांब्यावर उभी होती. रस्त्याच्या टोकाला बसचे दिवे दिसले.

"सेक्रेटरी, सोडा! माझी मुलगी निघाली!"

त्यांनी पडद्याकडे बघितलं. कळलं काहीच नसावं, पण सोडला.

उभ्या उभ्या, एका बोटाने, मी लिहिलं, "बाळा थांब."

"राहू द्या बाबा. मला कळलं."

"ते मी नाही लिहिलं. सेक्रेटरींनी लिहिलं."

"सेक्रेटरी आपल्या गावात कसे आले?"

आता हे एका बोटाने कसं समजवायचं? बस जवळ आली. मी लिहिणं सोडलं आणि कॅप्टनला वेशीकडे पळवलं. घराला वळसा घालून, खुराड्यावरून उडी मारून, सरळ, जोरात, नाकासमोर...

आणि विहिरीत!

बस थांब्याशी येऊन थांबली. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. सेक्रेटरी म्हणाले, "अरेरे." गवती हॅट बसच्या दारात उभी होती. मग पडद्यावर एकेक शब्द आला.

"बाबा. तुम्हीच आहात. एवढ्या मोकळ्या मैदानात विहीर दुसऱ्या कुणाला सापडणारच नाही!"

बस रिकामीच गेली.

मी लिहिलं, "मी तुझ्यासाठी बसत नाही. माझ्यासाठी बसतो. ओरडतो पण त्यासाठीच." लिहायला फार वेळ लागला. अक्षरं नीट दिसत नव्हती. कीबोर्ड नवा होता.

तिने लिहिलं, "मीपण." मग लिहिलं, "आधी आईला वर काढा."

पाठीमागे उभे राहून दोघं सगळं वाचत होते. सेक्रेटरींनी घसा खाकरला. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या नोटिशीचं काय करायचं?"

"कसली नोटीस?" सेक्रेटरी म्हणाले.

तेवढ्यात मुलीचा प्रश्न आला, "पण बाबा, तो म्हातारा मासा कुणी धरला?"

मी लिहिलं, "सेक्रेटरींनी!" त्यांना काय घडलं ते समजावून सांगितल्यावर त्यांची छाती फुगली. "मी? न बघता? कुठल्या ओळीला?"

"पाचव्या असेल. काय होती पाचवी?"

"बोंबा मारल्याने मासे सापडत नसतात, हे त्यांना कुणीतरी सांगावे," सेक्रेटरी पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. बाईंना म्हटलं, "बिनवायरचा परत घ्या. वायरचा द्या."

"का हो काका? तपासून नेला होता ना?"

"वायर बरी. कोण कुणाला जोडलंय ते डोळ्यांना दिसतं."

 बाईंनी एकच खोकं काढलं आणि माझा हात पोचणार नाही अशा बेताने स्वतःच उघडलं.

पुढच्या रविवारी खोलीच्या मधोमध पुन्हा वायर ताणली. मुलीच्या खोलीतल्या नर्सला दिवसपाळी लागली होती, त्यामुळे फोन मोठ्या आवाजात लावून टेबलावर ठेवला होता. मी मुलीला सांगत होतो, "हे बघ, वायर नव्हती तेव्हासुद्धा आठवडाभर माझा पाय आपोआप उचलला जायचा! इतकं अंगात मुरलंय! आता मला पडणं शक्यच नाही!"

घंटा वाजली. सेक्रेटरी आले असणार. मासा धरल्यापासून ते म्हणत होते, सहज बघायला येईन. मी कीबोर्ड हातात घेऊनच दार उघडायला उठलो.

कपबशा वाजल्या. त्यांच्याही आणि माझ्याही.

 फोनमधून मुलगी ओरडली, अगदी तिच्या आईच्या आवाजात, "अहो बाबा, पाय उचला!"

मी जमिनीवर आडवा पडून म्हणालो, "उचलले!" आणि टीव्हीकडे बघितलं. पडताना कोपराखाली कुठलीतरी कळ दबली असावी.

कॅप्टन विहिरीत होती.